ताटातली हळद

जमलेल्या समद्यांनो, राम राम. मला भाषण करता येत न्हाई. मी कुंडलचा शेतकरी, सुनंदाचा थोरला भाऊ. परवापर्यंत जी फोनवर माझ्याशी भांडत होती, तिच्या फोटोला हार घालून बोलायचं म्हंजे लय अवघड हाय. पण आज मी रडणार न्हाई. आज मला लय राग आलाय.

माझ्या आधीचे बोलले, ताई म्हंजे सांगलीच्या हळदीची राखणदार. व्हय? मग ती जित्ती असताना तुमची तोंडं का उघडली न्हाईत?

सुनंदा प्रयोगशाळेत खाण्याच्या जिनसा तपासायची. हळकुंडं पॉलिश करताना काही जण वरनं पिवळा रंग घालत्यात. त्या रंगात शिसं असतं. लहान लेकरांच्या मेंदूवर जातं ते. सापडलं तवा तिनं सापडलं म्हणून लिहिलं. एवढाच तिचा गुन्हा! तर मोबाईलच्या ग्रुपवर काय आलं? "बाईनं बाजाराचं नाव घालवलं." "बाईला कुणीतरी फितवलंय." आमच्या दाजींना भर रस्त्यात अडवून सांगितलं, "आवं, बायकोला आवरा." ते सांगणारे आज पुढच्या रांगेत बसल्यात. मी नाव घेत न्हाई. कुणाच्या माना खाली गेल्या, ते इथनं दिसतंय.

फितवलं म्हणे! अहो, सख्ख्या भावालाबी ती कधी फितली न्हाई. पाडव्याला मी माहेरची हळद घिऊन यायचो. आमच्याच रानातली, आमच्याच दारात शिजवलेली, वाळवलेली. ही बया ती डब्यात भरायच्या आधी तपासायला न्यायची. एकदा मी भडकलो. म्हणलं, "सुने, भावावर संशय?" तर हसली. म्हणली, "दादा, संशय न्हाई. पण तुझी न तपासता खाल्ली, तर दुसऱ्याची कुठल्या तोंडानं तपासू?"

मी म्हणायचो, नुसतं बघून कळतंय की. ती म्हणायची, "नुसतं बघून कुणाला चोर म्हणायचं न्हाई, आन साव पण म्हणायचं न्हाई." ह्याच बाईला तुमी बाजाराची वैरी म्हणलात.

आता जरा फोटोसमोर बघा. सवाष्ण गेली म्हणून हळदीकुंकवाचं ताट ठेवलंय, त्यातलंच फोटोच्या कपाळाला लावलंय. हळद आपल्यातल्याच कुणीतरी बाजारातनं आणलीय. पिवळीधमक हाय. आल्यापासनं माझी नजर तिथनं हलंना. तोंडावर लय काय काय येतंय. पण मी बोलणार न्हाई. बघून बोलायचं न्हाई, असं तिनंच शिकवलंय मला.

तर मंडळी, आता समद्यांनी उभं ऱ्हावा. तिच्या फोटोला हात जोडू. मग ह्या ताटातली हळद मी पुडीत बांधून प्रयोगशाळेत न्हेणार हाय. ज्यानं आणली, त्यानं माझ्यासंगं यावं.

सुने, भावाचा राम राम घे. तुझ्या कपाळाला ह्यांनी काय लावलंय, ते तपासून सांगतो.