मांडवात पडलेलं हिरवं पीस

माहं गाव दिग्रस. आजा न्हावी, बाप न्हावी, अन् मीही तेच. बापानं मरतांनी धोकटी हातात देली, म्हणे, दाढी कोणीही करन लेका, पण लग्नात नवरदेवाचे नखं काढाचा मान आपल्या घरचा हाय, तो सांभाळजो. आता काय सांगू तुमाले, तो मान म्या कसा घालवला. सांगाचीही लाज वाटते.

कापसाच्या जिनातल्या एका मिस्त्रीचा राघू होता. त्याची वरची चोच वाढून वाकडी झालती, दाणा धरता येत नव्हता, उपाशी मरून राह्यलता. लोकं लाडानं निस्ती भिजवलेली चन्याची दाय चारतात, कुरतडाले लाकूड देत नाईत, मंग चोच झिजन कशी? म्या त्याले फडक्यात गुंडाळलं अन् नखं काढाच्या नराणीनं शेंडा तेवढा घेतला, थोडा थोडा. जास्त घेतला का रक्त येते बाप्पा, आत जीव असते. राघू खाऊ लागला अन् झालं, जो तो पिंजरा घेऊन माह्याच दारी. राघूची नराणी म्या अलग ठेवली, माणसाची अलग, एवढी तं अक्कल होती.

आमचा भाग मुंबई राज्यात गेला त्या सालची गोठ. एका मोठ्या घरचं लग्न होतं. सकायीच एक राघू करून घाईत निंगालो अन् चुकून राघूचीच नराणी धोकटीत पडली. भरल्या मांडवात नवरदेवाचा पाय हातात घेतला, नराणी काढली, तं तिले हिरवं पीस चिकटेल. पडलं ते नवरदेवाच्या आंगठ्यावर. त्याचा बाप म्हणे, अबे, पोट्ट्याचे नखं काढून राह्यला का राघूची चोच? सारा मांडव हासला. धरती फाटली तं आत जाईन, असं झालं मले. दोन थापडा मारल्या असत्या तं बरं होतं, पण ते हासू नाई पाहवलं.

तवापासून मांडवात कोणी बोलावलं नाई. अन् त्याच घरची बुढी मांगच्या गल्लीनं आली, पिंजऱ्यावर लुगड्याचं धडपं टाकून, म्हणे, याची चोच पाह्य न बापू, पण घरी सांगजो नको. म्या केली. राघूचा काय दोष?

यंदा माह्या पोराचं लग्न झालं. पाटावर बसून त्यानं पाय पुढं केला, म्हणे, बाबा, तुमीच काढा. नवी कोरी नराणी आणेल होती म्या. पण पाहुण्याइच्या तोंडाकडं पाह्यलं अन् हातच उचलला नाई. म्या दुसऱ्या न्हाव्याले हाक मारली. पोरानं पाय त्याच्याकडं केला.

सुखात राहो माहं लेकरू. न्हाव्याचं पोरगं, पण बापाच्या हातानं नखं नाई निंगाले त्याचे.