वरणाची बादली

(सन १९८४चा वैशाख. सौंसरात एका लग्नाचा मांडव. दुपारची पहिली पंगत बसतेय. मागे आचाऱ्याच्या चुलीजवळ दोघं जण.)

नत्थूजी : कार्डं छापून का होते, डॉक्टर? लोकं त्याच्यानं दात कोरतात. हे बादली धरा.

श्रीकांत : वरणाची?

नत्थूजी : मंग! खुर्चीत बसान तं दोन मान्सं भेटतीन. बादली धरान तं दोनशे जण मान वर करून पाहतीन. वाकाचं, डोयात पाहाचं, अन् म्हनाचं, मी डॉक्टर श्रीकांत, बसस्टँडजवळ दवाखाना टाकला, घ्या न अजून.

श्रीकांत : मी तर इथे घरमालकाच्या पत्रिकेवर आलोय. ते स्वतः पांढुर्ण्याला गेलेत.

नत्थूजी : मंग तं पक्के पाहुणे झाले तुमी!

श्रीकांत : थट्टा नको. तीन महिन्यांत चार पेशंट आले, त्यातला एक पत्ता विचारायला. आजही कोणाशी ओळख झाली नाही, तर उद्या सकाळच्या बसने नागपूर. सामान बांधून ठेवलंय.

नत्थूजी : अजी, मोहगावच्या लग्नात म्या बुंदी वाढली, तं दुसऱ्या दिवशी गावातल्या बकऱ्या बी मले रामराम करत होत्या!

श्रीकांत : बकऱ्या?

नत्थूजी : एक बैल तं रुसला. म्या त्याले वयखलं नाई म्हनून. जा, पंगत बसली!

(तिसऱ्या पंगतीनंतर. तीच चुलीजवळची जागा.)

मनकर्णा : ओ वरणवाले भाऊ! तिसरी पंगत उठली, आता ठेवा ते बादली. मी मनकर्णा, नवरीची मावशी. तुमी नवरदेवाकडचे लोकं मोठे कामाचे बाप्पा!

श्रीकांत : मी नवरदेवाकडचा नाही. मी डॉक्टर...

मनकर्णा : हे नत्थूजी तं आमच्या थोरलीच्या लग्नातबी राबले होते. तवाबी नवरदेवाकडूनच आले होते.

श्रीकांत : पण तो नवरदेव वेगळा असेल ना?

मनकर्णा : हाव, तो छिंदवाड्याचा. मोठा गोतावळा दिसते यांचा! जेवले न नत्थूजी? बरं, चालली मी, नवरीची पेटी भराची हाय.

नत्थूजी : हाव, हाव.

श्रीकांत : सगळ्यांनी मान वर केली, नत्थूजी. पण बादलीत किती उरलं ते पाहायला. एकाला नाव सांगितलं, तर म्हणाला, श्रीकांत, मीठ पाठवा.

नत्थूजी : नाव तं ध्यानात ठेवलं न!

श्रीकांत : तुम्ही कोणाकडचे, खरं सांगा.

नत्थूजी : कोनाकडचाच नाई. नवरीकडच्याईले वाटते नवरदेवाकडचा, नवरदेवाकडच्याईले वाटते नवरीकडचा. बायको गेली तवापासून असाच लग्नाईत वाढतो, बावीस वर्षं झाले.

श्रीकांत : म्हणजे जेवला नाहीत.

नत्थूजी : आमंत्रणाबिगर पानावर कसं बसाव? वाढाले मातर कोनी अडवत नाई. मान्साईत दिवस जाते.

श्रीकांत : आणि एवढ्या ओळखी?

नत्थूजी : मी साऱ्याईले वयखतो. कोनाले तिखट चालत नाई, कोनाची दाढ दुखून राहिली, सारं ठाऊक हाय. बादली खाली ठेवली का मले कोनी वयखत नाई.

श्रीकांत : आणि मोहगावच्या बकऱ्या?

नत्थूजी : बकऱ्या वयखतात.

श्रीकांत : चला.

नत्थूजी : कोठी?

श्रीकांत : माझ्या खोलीवर. स्टोव्ह गाठोड्यात आहे, ते सोडावं लागेल. खिचडी टाकतो.

नत्थूजी : अन् उद्याची बस?

श्रीकांत : बस रोजच जाते. तुम्ही पानावर बसायचं, मी वाढीन.

नत्थूजी : येतो. पन पयलेच सारं नोका वाढू.

श्रीकांत : का?

नत्थूजी : थोडकंच वाढजा, अन् मंग आग्रह करजा.