पुडीतले केस

रक्ततपासणीच्या रांगेत माझ्यापुढे मायलेकी बसल्या होत्या. आईला धाप लागली होती.

"कुत्र्याचे केस आणलेस ना, आई?"

"आणले गं. पुडीत आहेत."

"त्यांचा अर्क तुझ्या रक्तात मिसळणार. पेशी चवताळल्या, की समजायचं त्याचीच ॲलर्जी."

"मग?"

"मग काय, देऊन टाकायचा कुणाला तरी. रात्र रात्र बसून काढतेस, जीव द्यायचाय का?"

"दादाचा कुत्रा आहे तो."

"दादा गेला, आई."

"त्या मुक्या जिवाला कुठे ठाऊक? रोज संध्याकाळी दारात वाट बघत बसतो."

"आण इकडे ती पुडी... अगं, हे पांढरे कसे? आपला तर काळाभोर आहे!"

"हळू बोल. माझे आहेत."