अनारशाच्या पिठातली पुडी

मुग्धा: पाणी नको मला. भावोजी, याकूब काय म्हणाले ते आधी सांगा.

प्रकाश: सांगतो, सांगतो. तू बस तरी. तो आत जाऊन भेटून आलाय. आमच्या कंपनीची सगळी सरकारी कामं तोच बघतो, शारजा एअरपोर्टवर ओळख आहे त्याची. तुझा सुजीत एकदम ओके आहे. एसीत बसवलंय, चहा दिला, कोणी वाकडं बोललेलं नाही.

मुग्धा: मग सोडतायत?

प्रकाश: इन्शाल्ला. पण आज लगेच म्हणशील तर…

अनुपमा: इथे घाई करून काही होत नसतं गं. म्हणून तर मी आधीपासून कानीकपाळी ओरडत होते. खांदे झाकतील असे कपडे घाला. अरब बायकांचे फोटो काढू नका. गोळ्या आणाल तर डॉक्टरची चिठ्ठी बरोबर ठेवा. ऑफिसरसमोर आवाज चढवू नका, हातवारे करू नका. सगळं सांगितलं होतं की नाही?

मुग्धा: सांगितलं होतंत.

अनुपमा: दुसऱ्या कोणाचं सामान आणू नका, हेही सांगितलं होतं.

मुग्धा: हो. शेजारच्या काकूंनी त्यांच्या मुलासाठी लोणचं दिलं होतं, ते मी परत केलं. काकू रुसल्या माझ्यावर.

अनुपमा: मग बॅग भरताना बघायचं नाही का? खसखस इथे बंद आहे हे लहान पोराला माहीत आहे.

मुग्धा: इथल्या लहान पोराला असेल, ताई. मी पुण्याची आहे. आमच्याकडे ती वाण्याकडे मिळते.

प्रकाश: अफूच्या झाडाचं बी ना ते, म्हणून बॅन. ते जाऊ दे. याकूबचं म्हणणं ऐक. केस तशी छोटी आहे. खाण्याची चीज आहे, थोडीशीच आहे, आणि हा टुरिस्ट माणूस. प्रॉब्लेम वेगळाच झालाय. ती पुडी डब्यात वर असती तर चुकून आली म्हणता आलं असतं. ती अनारशाच्या पिठात तळाशी दाबलेली होती. वरून दिसू नये म्हणून. तो ऑफिसर तेवढंच विचारतोय, ये छुपाया किसने?

मुग्धा: सुजीतने काय सांगितलं?

प्रकाश: तेच तर मला कळत नाही! म्हणाला, माझी आहे, मीच ठेवली. अरे बाबा, कशाला? याकूबने डोक्याला हात लावला. तो म्हणतो, ज्याने मागवली त्याने स्वतः येऊन सांगावं, घरात कार्य आहे, फराळासाठी मागवली, ह्यांना कल्पना नव्हती. मग सुजीतचं निभेल. पण हा हिरो म्हणतो, माझीच. मुग्धा, त्याला स्वयंपाकघरातलं मीठ सापडत नाही. खसखस कुठून आणली त्याने?

मुग्धा: ताईंना विचारा.

प्रकाश: कोणाला?

अनुपमा: मला काय विचारायचं त्यात? पीठ आईने दिलं. तिला सवयच आहे, आपल्या मनाने काहीबाही कोंबायची. वय झालंय तिचं.

मुग्धा: आईंवर ढकलू नका.

अनुपमा: ढकलत नाहीये मी, पण…

मुग्धा: मला बाहेर सोडल्यावर मी आईंना फोन केला. पोचलो, एवढंच सांगितलं. बाकी अक्षर बोलले नाही, त्यांच्या जिवाला घोर नको म्हणून. तर त्याच म्हणाल्या, पुडी फुटली नाही ना गं? अनूला सांग, पीठ हलक्या हाताने काढ, तू म्हणालीस तशी अगदी तळाशी घातलीये.

प्रकाश: अनु?

अनुपमा: अहो, असं काय बघताय? थोडीशी तर मागवली. लोक आणतात हो. कितीजणी आणतात, कोणाला काही झालेलं ऐकलंय तुम्ही?

प्रकाश: आजपर्यंत तिळावर थापत होतीस ना अनारसे? नाहीतर रव्यावर. आपल्या ह्या अल मजाज भागातल्या सगळ्या मराठी घरांत तसेच होतात. आम्ही खातोच की.

अनुपमा: तुम्ही खाता. जावयाला कसे द्यायचे? मैथिलीच्या लग्नानंतरचा पहिला अधिक महिना आहे. देवांशला चांदीच्या ताटात वाण द्यायचं, तेहतीस अनारसे, आणि त्यावर तीळ? त्याच्या आई मुद्दाम पुण्याहून आल्यात. लग्नातच सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, तुमच्या दुबई-शारजाला काय, चालतं सगळं. खसखशीशिवाय अनारसा आम्ही पानात घेत नाही. हसल्या सगळ्या. तुम्ही पण हसलात.

प्रकाश: म्हणून तू सख्ख्या भावाच्या बॅगेत…

अनुपमा: मला वाटलं होतं का असं होईल?

मुग्धा: हो, वाटलं होतं. ताई, मार्चमध्ये तुम्ही स्वतः पुण्याला आला होतात. देवांशला वाण द्यायचंय हे तेव्हाही ठरलेलं होतं. आईंबरोबर रविवार पेठेत जाऊन तुम्ही चांदीचं ताट घेतलंत, मी बरोबर होते. खसखस तिथे समोर होती. तुमच्या बॅगेत का नाही घातलीत?

अनुपमा: तू आधी पाणी घे बरं.

मुग्धा: सांगा ना. मला खरंच ऐकायचंय.

अनुपमा: आमचा व्हिसा इथला आहे गं. ह्यांची नोकरी आहे. आमच्याकडे सापडली असती तर…

मुग्धा: तर?

अनुपमा: तुम्ही काय, आठ दिवसांचे पाहुणे. फार तर परत पाठवतात. तुमचं इथे अडकलेलं काही नाही.

मुग्धा: म्हणजे विचार करून घातलीत. मला आत्तापर्यंत वाटत होतं, चुकून झालं असेल. त्या खोलीत बसून मी मनात तुमचीच बाजू घेत होते. तुम्हाला सांगते, तुमचा शब्दन्‌शब्द पाळला मी. ओढणी घेतली, आवाज खाली ठेवला. एक बाई होती ऑफिसर, तिने मला खुर्ची दिली, पाणी दिलं. तिला मी तीन तीनदा सांगत होते, मॅडम, माय सिस्टर-इन-लॉ लिव्ह्ज हिअर, शी टोल्ड अस ऑल रूल्स. अभिमानाने सांगत होते! फसवलंत तुम्ही आम्हाला. परक्याने फसवलं असतं तर मी शिव्या देऊन मोकळी झाले असते.

अनुपमा: सुजीतला माझ्यावर राग नाहीये. तुलाच आहे.

मुग्धा: त्याला कसा असेल? डबा पालथा केला, पुडी खाली पडली, आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला तेव्हाच कळलं. मला मराठीत म्हणाला, ताईचं नाव घ्यायचं नाही, तिचा संसार आहे इथे. माझी शपथ आहे तुला. आणि मग त्यांना इंग्लिशमध्ये म्हणाला, माइन.

प्रकाश: खलास. यल्ला अनु, ऊठ. तुझं आयडी घे. आपण जाऊ आणि सरळ सांगू.

अनुपमा: काय सांगू? मी मागवली? आणि मग मला बसवलं तर? अहो, जरा डोकं चालवा. माझा व्हिसा तुमच्या नावावर. उद्या कंपनीत कळलं की प्रकाशच्या बायकोने अफूचं बी मागवलं, तर? तुमचं काँट्रॅक्ट ह्याच वर्षी रिन्यू व्हायचंय. घराचे हप्ते कोण भरणार? आणि देवांशच्या घरी काय तोंड दाखवू?

प्रकाश: तो तुझा भाऊ आहे.

अनुपमा: माहीत आहे मला! त्याला अंगाखांद्यावर खेळवलंय मी. त्याने स्वतःहून घेतलंय ना अंगावर? मग आता आपण जाऊन त्याला खोटा पाडायचा? दोघंही अडकू.

प्रकाश: हं. म्हणजे… तो अँगल पण आहे.

मुग्धा: भावोजी?

प्रकाश: नाही, मी काय म्हणतो मुग्धा, आज एकदम जाण्यापेक्षा आधी एखाद्या वकिलाशी बोलू. स्टेटमेंट बदललं की कधी कधी जास्त कॉम्प्लिकेट होतं. याकूब आहे तिथे. एक दिवस बघू. एका दिवसाने काही बिघडत नाही.

मुग्धा: आत्ता तुम्ही ऊठ म्हणालात त्यांना.

प्रकाश: म्हणालो. पण प्रॅक्टिकली बघायला हवं ना?

मुग्धा: बघा. तुम्ही दोघं बसून प्रॅक्टिकली बघा. मी निघते.

अनुपमा: कुठे? बाहेर ऊन बघ केवढं आहे. आणि तिथे जाऊन काय करणार तू?

मुग्धा: बसणार. तो आत आहे, मी बाहेर बसेन. विचारलं मला, तर खरं सांगेन. शपथ मोडली तर मोडली.

अनुपमा: मुग्धा, असं करू नकोस. हात जोडते मी. संध्याकाळी विहीणबाई यायच्यात, मैथिली यायचीये. त्या पोरीच्या संसाराला पहिल्याच वर्षी गालबोट लावू नकोस. आपल्या घरातली गोष्ट आहे.

मुग्धा: आपल्या घरातला माणूस आहे तो.

प्रकाश: एक मिनिट. याकूबचा फोन. हां, याकूबभाई… हां, हां. मुग्धा, घे. सुजीतला दोन मिनिटं बोलू देतायत. अनु, तू बोलतेस?

अनुपमा: मी… नको. मला नाही बोलवणार. तिला द्या.

(मुग्धा फोन घेते. पलीकडचं फक्त तिलाच ऐकू येतंय.)

मुग्धा: हॅलो. हो, मीच… पोचले. घरी आहे ताईंच्या… मी ठीक आहे रे, तू कसा आहेस? जेवलास?… बरं… नाही, तिथे कोणाला काही सांगितलं नाही अजून… येतेय मी, आत्ता निघतेय. हो, एकटीच… ताई? आहेत ना, इथे समोरच आहेत… हो, रडतायत… ऐक ना. तू त्यांची काळजी करू नकोस, सुजीत. त्यांना काही होणार नाही.