वरच्या कमानीचे कुलूप

मी, मोंजिया बिन्त सालेह वर्तानी, वय अंदाजे ५८ वर्षे, धंदा घरकाम व गालिचे विणणे, राहणार नवी वस्ती, हेन्शिर झऊरा, समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर माझी भाची झिक्रा हिच्यासोबत राहते. तिची आई झोहरा, म्हणजे माझी सख्खी धाकटी बहीण, हयात नाही. झिक्राला मीच वाढवले आहे. आज तिचे लग्न आहे. ती या घडीला रोमन शहराच्या अवशेषांत, वरच्या कमानीखाली, बंद दरवाज्यापाशी बसलेली आहे. म्हणून माझा जबाब लवकर लिहून घ्या असे मी ठाण्यात आल्या आल्याच फौजदार साहेबांना सांगितले. साहेबांनी आधी चहा मागवला.

आमची जुनी वस्ती त्या शहराच्या आतच होती. सरकारने आम्हाला खाली आणून वसवले, पण सीदी जव्वाद यांचा दर्गा आतच राहिला. आमच्याकडची नवरी खालच्या बाजूने आत शिरते, फरसबंदी रस्त्याने चढते, दर्ग्यात मेणबत्ती लावते आणि वरच्या कमानीतून बाहेर पडते. कमानीपलीकडे नवऱ्याकडची माणसे उभी असतात. निघालेली नवरी आल्या वाटेने परत फिरत नाही. साहेबांना हे सांगायला नको, ते इथलेच आहेत. पण लिहून घेणारे शिपाई किनाऱ्याकडचे आहेत, म्हणून सांगितले.

आज दुपारच्या नमाजानंतर आम्ही घरच्या आणि शेजारच्या बाया नवरीला घेऊन ढोल वाजवत निघालो. खालच्या दाराशी पहारेकरी खमीस होता. त्याने आमच्याकडून मिठाई घेतली, मुबारक म्हणाला आणि आत सोडले. वरचे दार बंद आहे हे त्याने सांगितले नाही. त्याचे तोंड मिठाईने भरलेले होते, हे कारण मी धरत नाही.

पुढे रंगशाळेच्या पायऱ्यांपाशी गाइड लुत्फी परदेशी पाहुणे घेऊन उभा होता. आम्हाला पाहताच ते लोक टाळ्या वाजवू लागले. आम्हाला वाटले, परमुलखातली माणसे आहेत, पोरीच्या आनंदात सामील होत आहेत. नवरीच्या वाटेत जो भेटेल त्याचे तोंड गोड करायचे असते, म्हणून आम्ही सगळ्यांना खजुराचे मक्रूद वाटले. एका म्हाताऱ्या बाईने हात पुढे केला. तिच्या तळव्यावर मी स्वतः बरोबरच्या वाटीतली मेंदी लावली.

त्याच वेळी ओढणीआडून झिक्रा मला म्हणाली, "मावशी, तो त्यांना सांगतोय की हे नाटक आहे. जुन्या काळच्या नवरीचं सोंग. मी पगारी नटी आहे म्हणे." झिक्रा गावातल्या औषधाच्या दुकानात काम करते, तिला फ्रेंच चांगले कळते. मी लुत्फीला बाजूला घेऊन विचारले. तो म्हणाला, "अहो मावशी, दर गुरुवारी शहरातून मंडळी येतात, खोटं लग्न लावतात. आज ती आलीच नाहीत. तुम्ही देवासारख्या धावून आलात. आता एक करा, मागची बस आत्ता पोचलीये. जरा खाली उतरून पुन्हा एकदा वर या. आणि ढोल थोडा जोरात वाजवा."

यावर मी काय बोलले ते लिहायची गरज नाही असे साहेब म्हणतात. मी म्हणते लिहा. मी म्हणाले, "लुत्फी, तुझ्या आजीच्या मयतीला बस उशिरा आली असती, तर तिला पुन्हा घरून उचलून आणलं असतंस का?" त्यावर तो हसला. लाज वाटून नव्हे, पाहुणे बघत होते म्हणून हसला.

आम्ही दर्ग्यात मेणबत्ती लावून कमानीपाशी गेलो. तिथे गजांचे लोखंडी दार आणि नवे कोरे कुलूप होते. पलीकडे नवऱ्याची आई हस्ना आणि तिच्याकडची माणसे गाड्या घेऊन उभी होती. खमीसला बोलावले. तो म्हणाला, "वरून हुकूम आलाय, मावशी. पाहुण्यांनी आल्या दाराने परत जायचं, दुकानं तिकडे आहेत ना. किल्ली माझ्याकडे आहे, पण उघडलं तर नोकरी जाईल."

मी म्हणाले, "तुझी बायको याच कमानीतून तुझ्या घरी आली. तिच्या मागे मेणबत्ती धरून कोण चाललं होतं?"

तो म्हणाला, "तुम्हीच."

"मग?"

त्याने खिशात हात घातला. किल्ली मात्र खिशातच राहिली.

लुत्फीने तक्रारीत लिहिले आहे की आम्ही रस्ता अडवला. कमानीखाली नवरी बसल्यावर रस्ता अडतोच. तक्रारीत असेही आहे की मी पुरातन दगडाने कुलपाची नासधूस केली. कुलपावर दगड मी मारला, हे खरे आहे. तो पुरातन होता की नव्हता हे मला माहीत नाही. तिथे दुसरे दगड नाहीत. कुलूप तुटले नाही, याचे मला वाईट वाटते.

मग साहेबांची गाडी आली. साहेब म्हणाले, "नवरीला खालून घेऊन जा, मोटारीने वळसा घालून सोडू, त्यात काय एवढं?" पलीकडून हस्नाने गजांतून हात घालून झिक्राचा हात धरला आणि म्हणाली, "आम्ही रात्रभर थांबू. पण तिला माघारी नेऊ नका." तिने असे म्हणायला नको होते. त्यावरून झिक्राला शंका आली. तिने मला विचारले, "मावशी, आई इथूनच परत फिरली होती का?"

मी "नाही" म्हणाले. हे लिहून घ्यावे, कारण बाकी जबाबात मी खोटे काही सांगितलेले नाही. झोहराच्या लग्नात कमान दुरुस्तीला काढली होती, लाकडी टेकू लावले होते. मोठी माणसे म्हणाली, एका दिवसाने काय होतं, खालून न्या. मीही म्हणाले. पुढे झिक्रा पाळण्यात असतानाच काय झाले ते सगळ्या वस्तीला माहीत आहे. ते वाटेमुळे झाले असे मी म्हणत नाही. डॉक्टरने दुसरे कारण लिहिले आहे. पण झिक्राला मी त्या वाटेने खाली नेणार नाही. नटी म्हणून तर नाहीच नाही.

साहेब मला आणि खमीसला इथे घेऊन निघाले तेव्हा मेंदी लावलेली ती म्हातारी परदेशी बाई झिक्राच्या शेजारी दगडावर बसली होती. तिची बस निघून गेली होती. तिला कोणी काय समजावले मला माहीत नाही, पण ती टाळ्या वाजवत नव्हती.

खमीस आत्ता या खोलीत, माझ्या समोर बाकावर बसला आहे. किल्ली त्याच्या उजव्या खिशात आहे. तो माझ्याकडे बघत नाही. माझी लुत्फीविरुद्ध तक्रार आहे, ती वेगळी लिहून घ्यावी. खमीसविरुद्ध माझी तक्रार नाही. त्याने फक्त उठावे आणि माझ्याबरोबर यावे.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितल्याप्रमाणे आहे. एके ठिकाणी "कार्यक्रम" असे लिहिले होते, ते खोडून "लग्न" असे करून घेतले. मला सही करता येत नाही. अंगठा इथे देणार नाही.

लिहून घेणाऱ्याची नोंद: निशाणी डाव्या अंगठ्याची, वरच्या कमानीपलीकडे घेतली. दार पहारेकरी खमीस याने स्वतः उघडले. शाईची डबी ठाण्यातच राहिल्याने ठसा मेंदीचा आहे.