दळणाचा डबा

येरमाळ्याच्या बसस्थानकावर माझ्या मागील बाकावर एकाच गावच्या दोन वृद्धा बसल्या होत्या.

"बनाबाई, त्या देशानं दुश्मनाला मदत केली, म्हणून गावानं त्यांचा साबण बंद केलाय. घ्यायचंच न्हाय म्हणलं की केवढा बी देश वाकतो. तूबी ह्या कागदावर सही कर."

"ठाऊक हाय, द्वारकाबाई. आमी बाबासाहेबांच्या जयंतीची मिरवणूक काढली, त्या साली गावानं आमचं दळण बंद केलं. तीन महिने लेकरांनी ज्वारीच्या घुगऱ्या खाल्ल्या."

"गिरणी आमची होती, पर ठराव गावाचा होता."

"आमी कुठल्या देशाचे होतो?"

"जुनं कशाला उकरती? ह्यो डबा कशाचा?"

"दळणाचा. हितनंच दळून नेते."

"अगं, गावात आता दोन गिरण्या हायत की!"

"असतील."

"गाडी आली. आण, डबा धरते."

"नको. तीस वरसं मीच उचलते."