खिडकीतनं शिकलेला शर्ट

"शिवणवर्गात बाप्या माणसाला घ्यायचं न्हाय, हा नियम कुणाच्या टकुऱ्यातनं निघाला, साहेब?"

कसबा बावड्याच्या बसच्या रांगेत सत्तरीचे आण्णा आपला अर्ज खणखणीत आवाजात वाचून बघत होते. पुढं उभ्या असलेल्या क्रांती नावाच्या पोरीनं मोबाईल खाली केला. तेवढ्यात मागच्या माणसानं आण्णांना हटकलं.

"पावणं, अर्ज ऱ्हाऊ द्या. शर्टाची बटणं उलट्या बाजूला कशी?"

"खिडकीतनं शिकलो की! आत बायकांचे कुडते शिकवत्यात, मी भाईर कट्ट्यावर. त्यांची बटणपट्टी अशीच असती."

"म्हंजे, तुमी शिवलाय?"

"कॉलरसकट! आता दुकानातनं कापड तेवढं इकत आणणार, शर्ट न्हाय; त्यो सोताच शिवून घालणार. फुडं पायजमा."

"लोकं हसत न्हाईत व्हय?"

"पोरगा हसला. बायकू म्हणली, त्याला हसू दे, तुमी माझी मापं घ्या."

"बरं, दुसऱ्या शर्टाला तरी बटणं सरळ लावा."

"का म्हणून? साहेब इचारंलच की, उलटी का? मग सांगतो, दार कुणी लावलंतं."

बस आली. क्रांतीनं वळून शिलाई निरखली. टाका न् टाका सारखा होता.

"आण्णा, अर्जात शेवटी काय लिहिलंय?"

"ह्योच शर्ट घालून दारात हुबा हाय. नाव घालताय का न्हाय, आत्ता सांगा!"